धरणाची ओहोटी

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. आपला किनारा म्हणजे भंडारदरा.

मे संपता संपता एखाद्या शनिवारी संध्याकाळी धरणाकाठच्या शेंडी गावाच्या रस्त्यावर उभं राहून बघा. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, आपलं नगर. नंबरपाट्या वाचता वाचता अंधार पडतो. माणसं काजवे बघायला आलेली असतात. रात्री झाडाखाली काजवे, पहाटे तंबूची चेन उघडली की समोर पाणी, चुलीवरचा चहा, फोटो आणि दुपारी परतीचा रस्ता. सोमवारी गाड्या गेलेल्या असतात. गाड्यांतून आलेलं सामान काठावर पडलेलं असतं.

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात अशाच एका सोमवारी मी काठाने चालत होतो. जाणूनबुजून सोमवार निवडला होता. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, चांदीच्या रंगाच्या थर्माकोलच्या ताटल्या, सॉसच्या पुड्या, एक फुटकी खुर्ची, लहान मुलांचे डायपर, दारूच्या बाटल्या. काही बाटल्या सबंध, बऱ्याचशा फुटलेल्या. अर्धवट जळालेल्या कोळशावर वितळून चिकटलेलं प्लॅस्टिक. हे सगळं आपण कुठे ना कुठे पाहिलेलं आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही. मी थांबलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी.

पाण्यापासून पन्नास-साठ पावलांवर पत्र्याची चार संडासं उभी होती. मागून एक जाड पाइप निघाला होता आणि गाळात खोदलेल्या खड्ड्यात उतरला होता. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या. खड्ड्याच्या खालच्या अंगाला गाळ काळा आणि ओला होता. ती ओल उताराने पाण्याकडे गेलेली स्वच्छ दिसत होती. त्याच गाळात गुरांच्या खुरांचे ठसे होते.

जवळच एक म्हातारी बाई शेळ्या घेऊन आली होती. मी खड्ड्याकडे बघतोय हे पाहून तिने हात वर केला आणि डोंगराच्या बाजूला, माझ्या डोक्याच्याही बरंच वर, झाडी सुरू होते ती रेघ दाखवली. म्हणाली, "बाबा, पाणी तिथवर येतंया. हे समदं पाण्याखाली जातंया."

तिचं एवढंच बोलणं या आठवड्याच्या सदराचा विषय आहे.

*

समुद्राला भरती-ओहोटी रोज असते. धरणाची भरती-ओहोटी वर्षातून एकदाच. भंडारदरा बहुतेक वर्षी 15 ऑगस्टच्या आसपास भरतं. मग शेतीची आवर्तनं सुटतात, पाणी उतरत जातं, आणि मे-जूनमध्ये तळ दिसू लागतो. काठावरच्या खडकांवर पाण्याने धुऊन काढलेला फिकट पट्टा दिसतो, त्याच्या वर झाडी सुरू होते. त्या पट्ट्याची वरची रेघ म्हणजे धरणाची पूर्ण संचय पातळी. त्या रेघेच्या खाली जे काही आहे ते धरणाचं पोट आहे. तिथे आज गवत असलं, माती असली, चांगली सपाट जागा असली, तरी ती जमीन नाही. ती रिकामी झालेली टाकी आहे.

आणि काजव्यांचा हंगाम नेमका कधी? मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध. धरणाची ओहोटी सगळ्यात खोल असते तेव्हाच किनाऱ्यावर सगळ्यात जास्त गर्दी असते. पाण्याजवळ तंबू हवा, असा गिऱ्हाइकाचा आग्रह. पाणी खाली गेलेलं, म्हणून तंबूही खाली जातो. तंबूमागे चूल जाते, चुलीमागे मोरी, मोरीमागे संडास. सगळा संसार टाकीत उतरतो. पंधरा दिवसांत मृग बरसतो. घाटघर-रतनवाडीचा पाऊस काय असतो ते तिथे एक जुलै काढलेल्या माणसाला विचारा. ओढे फुगतात, पाणी एकेक पाऊल वर चढतं आणि खड्ड्यासकट, काचेसकट, डायपरसकट सगळं पोटात घेतं.

उचलायला कुणी उरत नाही, कारण उचलण्यासारखं काही दिसतच नाही. ऑगस्टमध्ये त्याच जागेवर निळंशार पाणी असतं आणि त्याचे फोटो निघतात.

घरच्या पाण्याच्या टाकीत उतरून कुणी जेवतं का? जेवून तिथेच हात धुतं का? तिथेच शौचाला बसतं का? हा प्रश्न मला त्या काठावर पडला आणि घरी आलो तरी पिच्छा सोडेना. आपण नेमकं तेच करतो आहोत, आणि त्याचे पैसे मोजतो आहोत.

*

आता थोडं हिशोबाचं. एका रात्री काठावर हजार माणसं मुक्कामाला आहेत असं धरू या. तंबूत राहणारा माणूस घरच्यासारखी अंघोळ करत नाही, म्हणून माणशी पन्नासच लिटर पाणी धरू या. पन्नास हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर. त्यात भांड्यांचं तेलकट पाणी, साबण, शौचाचं पाणी. दोन रात्रींचे दहा टँकर. हे पाणी जातं कुठे? शहरात ते गटारात जातं आणि निदान गटार दिसतं तरी. इथे गटार नाही, प्रक्रिया नाही, मैला उपसणारी गाडी नाही. शोषखड्डा आहे, असं सांगतात.

शोषखड्डा चांगली गोष्ट आहे, पण माती खोल असेल तर. भंडारदऱ्याच्या काठाला थोड्याच गाळाखाली काळा कातळ लागतो. कातळ पाणी पीत नाही. खड्ड्यातलं पाणी कातळाच्या अंगावरून आडवं सरकतं आणि उतार जिकडे असेल तिकडे जातं. उतार धरणाकडेच आहे. तळ्याच्या काठावर दुसरीकडे उतार कसा असेल?

साबणातलं फॉस्फरस आणि मैल्यातलं नायट्रोजन हे पाण्यातल्या शेवाळाचं खत आहे. शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खातं. मासे गुदमरतात. हे कसं दिसतं ते कोल्हापूरकरांनी रंकाळ्यात डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथे वस्त्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं तलावात जात राहिलं, पाणी हिरवं झालं, जलपर्णीने तलाव झाकला, आणि मग स्वच्छतेच्या मोहिमा निघाल्या. भंडारदरा रंकाळ्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, इथला पाऊस प्रचंड आहे, म्हणून आज पाणी निळं दिसतं. मोठं आहे म्हणून सोसतंय. किती सोसेल याची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

*

हे पाणी पितं कोण?

रतनगडाला उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्यात अडते. साधारण 11 टीएमसीचं, म्हणजे 11 अब्ज घनफूट पाण्याचं, हे दगडी धरण. 1910 मध्ये काम सुरू झालं, 1926 मध्ये पुरं झालं, मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. म्हणजे 2026 मध्ये त्याला शंभर वर्षं. तिथून पाणी निळवंडे धरणात, तिथून अकोले, संगमनेर. ओझरच्या बंधाऱ्यापाशी डावा आणि उजवा कालवा फुटतो आणि राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडची शिवारं भिजवतो. लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो या पाण्याने पिकवलेल्या उसावर. नदी पुढे नेवाशाला जाते. याच प्रवरेच्या काठी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मग प्रवरासंगमला गोदावरी, मग जायकवाडीचा नाथसागर, मग छत्रपती संभाजीनगरचे नळ.

शेंडीच्या खाली धुतलेल्या कढईचं पाणी पैठणपर्यंत तसंच पोचतं, असं मी म्हणत नाही. वाटेत नदी बरंच काही पचवते, आणि वाटेत गावं-शहरं आपापली भर घालतात, ती याहून कितीतरी मोठी आहे. पण वाटेतली गावंही पितात. नदीकाठच्या विहिरीवर गावाची योजना असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकतो. पावडर वेळेवर आली तर टाकतो. पाण्यात जेवढी घाण जास्त, तेवढी पावडर जास्त लागते. ती पुरली नाही की जुलैत जुलाब, कावीळ, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर रांग. त्या रांगेत तंबूतला पाहुणा नसतो.

आणि धरणाच्या अगदी काठावरची गावं? मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही गावं. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण अशाच गावांनी मराठीला दिली असावी. उन्हाळ्यात घागर घेऊन उतरायचं ते याच काठावर. आता घागर बुडवायची तर आधी काच चुकवायची, मग पाण्याकाठचा फेस बाजूला सारायचा. हे लिहिताना मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

*

पाण्यासाठी भांडायला आपण कधी मागे राहिलो नाही, आणि राहूही नये. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यापासून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात समन्यायी पाणीवाटपाचा वाद चालू आहे. 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस नाशिक आणि नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. त्यात प्रवरा समूहाच्या वाट्याला 3.36 टीएमसी आले. रास्ता रोको झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पोलिस बंदोबस्त लागला. दोन्ही बाजूंना दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा तोंडपाठ.

निळवंड्याचे कालवे तर पिढ्या थकल्या तेव्हा आले. 182 गावं वाट बघत राहिली. 26 ऑक्टोबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झालं तेव्हा पाणी बघून म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, त्यात नवल नाही.

आता सांगा, ज्या पाण्याच्या थेंबासाठी एवढं रक्त आटवलं, ते पाणी घाण करणाऱ्याला एकदा तरी कुणी अडवलं का? पाणी किती, यावर मोर्चे निघाले. पाणी कसं, यावर एकही मोर्चा मला आठवत नाही. नगर असो वा मराठवाडा. संगमनेरच्या पुढाऱ्याने नाही, पैठणच्या पुढाऱ्याने नाही. एक टीएमसी पळवला तर चोरी म्हणता. एक टीएमसी नासवला तर त्याला काय म्हणणार?

*

आता दुसरा किनारा. हरिश्चंद्रगड.

नगर शहरातल्या वाचकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण इथून तुमचा नळ सुरू होतो. हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेतलं पूर्वेकडचं पाणी मुळा नदीला जातं, मुळा कोतूळवरून राहुरी तालुक्यात येते, तिथे 26 टीएमसीचं मुळा धरण आहे आणि त्याचं पाणी नगरच्या टाक्यांत चढतं. वर गडावर मंदिराशेजारी सप्ततीर्थ पुष्करणी आहे. जुने गिर्यारोहक सांगतात, हे पाणी आम्ही ओंजळीने प्यायचो. आज ते पिण्याची कुणाची छाती नाही. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतकं गार पाणी आहे, मधोमध शिवलिंग आहे. त्या पाण्यात बूट घालून उतरलेली मंडळी मी पाहिली आहेत. कोकणकड्यावर सूर्य मावळताना टाळ्या वाजतात, आणि अंधार पडला की कड्याच्या कपारीत बाटल्या ढकलल्या जातात. गडावर मुक्काम करणाऱ्या शेकडो माणसांसाठी शौचाची सोय म्हणजे झुडूप. पहिल्या पावसात ते सगळं ओढ्यात.

गड चढताना पाठीवर भरलेली बाटली पेलते. उतरताना रिकामी बाटली जड होते. याचं उत्तर मला कुणी द्यावं.

*

काजव्यांविषयीही बोललं पाहिजे, कारण गर्दी त्यांच्या नावाने होते. काजवा आपल्याला दिसतो तो दोन-तीन आठवडे. त्याआधीचं त्याचं सगळं आयुष्य अळीच्या रूपात जमिनीत जातं, ओल्या मातीत, कुजलेल्या पाल्यात. तिथे तो गोगलगाई खाऊन वाढतो. पुढच्या वर्षीचे काजवे या वर्षी आपल्या पायाखाली असतात. झाडाखाली गाड्या लावल्या, पाला तुडवला, शेकोटीसाठी गोळा करून जाळला, खरकटं आणि साबणाचं पाणी ओतलं, की पुढच्या वर्षीचं झाड अंधारात राहतं. काजव्याचा उजेड हे त्याचं जोडीदाराला बोलावणं आहे. त्यात मोबाइलची बॅटरी आणि गाडीचे दिवे घातले की बोलावणं ऐकूच जात नाही. गेल्या काही वर्षांत वनखात्याने रात्रीच्या प्रवेशाला वेळेची मर्यादा घातली, हे चांगलं केलं. पण वेळेची मर्यादा घातली आणि माणसांच्या संख्येची घातली नाही, तर तीच गर्दी कमी तासांत कोंबली जाते.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासून अभयारण्य आहे. अभय कुणाला, एवढंच विचारतो.

*

आता बोट कुणाकडे दाखवायचं? बोट दाखवायची वेळ आली की आपण सगळ्यात कमजोर माणूस शोधतो. इथे तो सहज सापडतो. तंबू लावणारा गावातला पोरगा. त्याच्यावर गुन्हा दाखल करा, तंबू उचलून न्या, दोन दिवस बातमी चालते.

मला हे मान्य नाही. त्या पोराच्या पणजोबांची जमीन धरणात गेली. भात एक पीक, बाकी वर्ष नारायणगाव, ओतूर, नाशिककडे मजुरीला. तंबूंमुळे तो पहिल्यांदा घरी राहून चार पैसे मिळवायला लागला. त्याच्या आईच्या हातच्या पिठलं-भाकरीला किंमत आली. हे पर्यटन बंद करा असं म्हणणारा मी नाही. पण एका तंबूमागे गिऱ्हाईक जे पैसे देतं त्यातला मोठा वाटा कुणाकडे जातो ते बघा. शहरात बसून मोबाइलवर बुकिंग घेणारा, आगाऊ पैसे खात्यात टाकून घेणारा, ड्रोनने जाहिरात करणारा माणूस वेगळाच असतो. पैसा शहरात, कचरा शेंडीत. त्याच्या तंबूंचे संडास कुठे आहेत, मैला कुठे जातो, हे त्याला विचारायला कुणी जात नाही.

आणि ज्यांनी विचारायचं ते तिघे आहेत. बुडीत क्षेत्राची जमीन जलसंपदा विभागाची. जंगल वनखात्याचं. गावाचा कचरा ग्रामपंचायतीचा. तंबू या तिघांच्या मधे उभा राहतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. गाळपेरीसाठी एखाद्या शेतकऱ्याला धरणाच्या पोटातली दहा गुंठे जमीन हवी असली तर त्याला अर्ज, भाडं, करार, सगळं करावं लागतं. हरभऱ्याला परवाना लागतो, संडासाला लागत नाही. पाणी प्रदूषण प्रतिबंधक कायदा 1974 सालचा आहे. राज्यात प्लॅस्टिकबंदी 2018 मध्ये झाली. थर्माकोलची ताटली तेव्हापासून बंद आहे. मला काठावर सापडलेली ताटली कुठल्या दुकानातून आली?

अभयारण्यात शिरताना नाक्यावर पावती फाडतात. माणशी पैसे, गाडीचे पैसे. त्यातले किती रुपये कचरा उचलण्यावर गेले ते दरवर्षी त्याच नाक्यावर फळा लावून लिहा. एवढी मागणी तर गैर नाही.

*

समुद्राकाठच्या लोकांनी या वाटेवर ठेचा खाल्ल्या आहेत. फिलिपिन्समध्ये बोराकाय नावाचं पांढऱ्या वाळूचं बेट आहे, जगभरातून माणसं यायची. हॉटेलांचं सांडपाणी गुपचूप समुद्रात जात होतं, किनाऱ्याला हिरवं शेवाळ लागलं होतं. 2018 च्या एप्रिलमध्ये सरकारने अख्खं बेटच सहा महिन्यांसाठी पर्यटकांना बंद केलं. हजारो लोकांचा रोजगार तुटला. ऑक्टोबरमध्ये उघडलं ते सांडपाण्याची सोय केलेल्या हॉटेलांपुरतं, आणि एका वेळी किती पाहुणे राहतील याची मर्यादा घालून. मर्यादा आधीच घातली असती तर ते सहा महिने गरिबांच्या पोटावर आले नसते.

गोव्याने 2019 मध्ये कायदा दुरुस्त केला. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, चूल पेटवून स्वयंपाक करणं, बाटल्या फोडणं, याला तेव्हा एकट्याला 2,000 रुपये आणि घोळक्याला 10,000 रुपये दंड ठरवला. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून दारूच्या बाटलीमागे 10 रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली परत आणली की ते परत देतात. हत्तींच्या पायांत काचा जातात म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने हे करायला लावलं. आमच्या म्हशींच्या खुरांना, आमच्या मासेमाराच्या अनवाणी पायांना निराळा न्याय कशाला?

आणखी एक. समुद्राला निदान कायद्याने रेघ आहे. 1991 पासून किनारा नियमन क्षेत्र आहे. भरतीची रेघ मोजतात आणि तिथून 500 मीटरपर्यंत काय करायचं, काय नाही, ते ठरतं. पळवाटा निघतात, पण रेघ आहे म्हणून पळवाट काढावी तरी लागते. आपल्या धरणाच्या भरतीची रेघ त्या शेळ्या चारणाऱ्या आजीला ठाऊक आहे. सरकारलाही ठाऊक आहे, नकाशावर मीटरच्या दशांशात लिहिलेली आहे. काठावर मात्र कुठेच आखलेली नाही.

ती आखा. फार पैसे लागत नाहीत. दगड तिथेच आहेत, चुना लागेल. पूर्ण संचय पातळीवर पन्नास-पन्नास पावलांवर एक पांढरा दगड, शेंडीपासून घाटघरपर्यंत आणि तिथून रतनवाडीमार्गे फिरून परत. दगडाच्या खाली तंबू नाही, चूल नाही, मोरी नाही, खड्डा नाही. गिऱ्हाईक कितीही पैसे देत असलं तरी नाही. दगडाच्या वर तंबू, आणि संडासाला खड्डा न चालता बंद टाकी. टाकी भरली की मैल्याची गाडी येऊन उपसून नेणार, आणि गाडी आली त्याची पावती दाखवल्याशिवाय पुढच्या शनिवारचं बुकिंग नाही. गाडी शेंडी ग्रामपंचायतीला एकटीला परवडणार नाही. तिचे पैसे नाक्यावरच्या पावतीतून आणि शहरात बसून बुकिंग घेणाऱ्यांकडून यावेत. दगड राखायचं काम काठावरच्या गावांतल्या पोरांना द्या, पगारावर द्या. ते पहाऱ्याला बसले तर एकाही तंबूची खुंटी रेघेखाली जाणार नाही, कारण त्या रेघेचा अर्थ त्यांच्याएवढा कुणालाच कळत नाही.

या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. चौंडीत जन्मलेल्या या बाईने देशभर घाट बांधले, विहिरी, बारवा खोदल्या, वाटसरूला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून खजिना मोकळा केला. त्यांची जयंती 31 मेला असते. भंडारदऱ्याच्या काठावर सर्वांत जास्त तंबू असतात तेही याच दिवसांत. जयंतीच्या मिरवणुकीतल्या माणसांपैकी शंभर जणांनी चुन्याची बादली घेऊन तो दिवस काठावर काढला, तर ते नाव या पाण्यालाही लागेल.

त्या सोमवारी निघताना मी एक गोणी भरली. निम्मी काच होती, ती वेगळी बांधली. गोणी गाडीत टाकून परत आलो तेव्हा ती आजी खड्ड्यावरच्या फळ्यांकडे बघत उभी होती. शेळ्यांना खड्ड्याजवळ जाऊ देत नव्हती. पश्चिमेला रतनगडावर ढग उतरले होते. "चार दिसांनी पाणी येईल," ती म्हणाली, आणि शेळ्या हाकत झाडीच्या रेघेकडे चढू लागली.